पांदणीचा उतार

वैशाख लागला की आमचे हे ट्रॅक्टर लिंबाखालून काढतात, मागं लेव्हलर जोडतात, आन त्या लोखंडाचा पहिला ओरखडा पांदणीवर उमटला की मला तो घरातबी ऐकू येतो. आवाज तसा लई मोठा नसतो. तव्याला चिकटलेली भाकर उलथन्यानं खरवडावी तसा. बाकीच्यांना तो ऐकून बरं वाटत असंल, मशागत सुरू झाली, ढेकळं फुटली, आता वावर तयार व्हणार. मी मात्र हातातलं काम टाकते, गुड्डी कुठं हाय ते बघते, तिला धरून आणते आन तिच्या पाठीला कान लावते.

"मम्मी, गुदगुल्या व्हतेत."

"गप. श्वास घे."

"घेतला की."

"आजून घे. मोठा."

शिट्टी हाय का, बारीक शिट्टी, तेवढंच मला ऐकायचं असतं. उन्हाळ्यात नसते. तरी मी ऐकत बसते, कारण उन्हाळा किती दिस राहणार, आन त्याच्यामागून काय येतं ते मला ठाऊक हाय.

आमची वस्ती करमाडच्या अलीकडं, जालना रोडपासून आत. वावर आता थोडंच राहिलं, बाकीचं कंपन्यांच्या पट्ट्यात गेलं. डांबरीवरून जाणाऱ्या ट्रकांचा आवाज आमच्या चुलीपस्तोर येतो, कंपनीचा भोंगा वाजला की आम्ही गाईला पाणी दाखवतो, इतकं सगळं जवळ. पण मधी पांदण हाय, वावरांमधली गाडीवाट. काळ्या मातीची, दोन्ही अंगाला धुरे म्हंजे वावरांचे बांध, एका वळणाला बाभूळ. उन्हाळ्यात त्या पांदणीतून पोरगं सायकलवर हात सोडून जातं. पावसाळ्यात चप्पल रुतून बसते, ती काढाया वाकलं की दुसरी रुतते. नवीन लग्न होऊन आले तव्हा मला वाटलं व्हतं, डांबरी दिसते म्हंजे मी काय लांब नाय आले. दिसणं आन जाता येणं ह्यात किती अंतर असतं ते मला पांदणीनं शिकवलं. नववीला शाळा सुटली माझी, बाकीचं असंच कुठं कुठं शिकत आले.

लई तर आत्याबाईकडून शिकले. आत्याबाई म्हंजे माझी सासू. बारीक चणीची, आवाज मोठा, आन छातीत दमा. थंडीत एक येळ ठीक, पण आभाळ भरून आलं की तिच्या छातीत कुणीतरी पिपाणी वाजवाया लागायचं. मंग ती बाजंवर उशाला पोतं लावून बसायची, आडवं व्हता यायचं नाय. तोंडात मारायचा पंप व्हता, तो कनवटीला खोचलेला. पंप मारून झाला की लगेच माझ्यावर ओरडायची, "मने, दूध उतू चाललं तिकडं, इकडं काय माझं तोंड बघतीस?" मला तिची भीती वाटायची. मंग कळंना की तिची वाटते का तिच्या शिट्टीची.

अंगण धरायचं तिनं मला शिकवलं. दिवाळीच्या आधी आम्ही दोघी अंगण खणायचो, मुरूम टाकायचो, पाणी मारायचो आन चोपण्यानं चोपायचो. चोपणं म्हंजे लाकडाची बसकी थापटणी, दिवसभर चोपलं की खांदा आपला राहत नाय. मी आपली समोरून सपाट करत यायची, शाळंतल्या फरशीसारखं. आत्याबाई बसल्या जागंवरून म्हणायची,

"अगं सपाट कामून करतीस? वावर हाय का ते?"

"मंग कसं करू?"

"भिंतीपाशी उंच, बाहेर उतरतं. डोळ्याला दिसाया नाय पायजे, पाण्याला कळाया पायजे. पाणी दारात बसलं की दुखणं घरात बसतं."

मंग ती उठायची, तांब्याभर पाणी उंबऱ्यापाशी ओतायची, आन आम्ही दोघी बघत उभं राहायचो. पाणी जरा थबकायचं, इचार केल्यावानी, आन मंग तुळशीला वळसा घालून बाहेर निघून जायचं. एखाद्या ठिकाणी थांबलं की आत्याबाई पायाचा अंगठा तिथं टेकवायची. "हितं." मी परत मुरूम टाकायची, परत चोपायची.

मंग एका साली छोटा ट्रॅक्टर घरात आला आन मागं जोडायला काय घ्यायचं त्याच्यावर घरात रोज बोलणं चालायचं. वावर उकरायची पंजी व्हती जुनी. आता आजून एकच वस्तू घेता येणार व्हती. शेजारच्या वस्तीवरचे भाऊजी, ह्यांचे चुलतभाऊ, रोज संध्याकाळी यायचे आन बाजंवर बसून म्हणायचे, "बाळ्या, रोटर घे. एका खेपंत माती शेवईसारखी. आपलं झालं की लोकायचं मारून दे, धंदा हाय तो." ह्यांना पटायचं. मला रोटर नको व्हता. माझ्या मावशीच्या गावात एका बाईचा पदर रोटरच्या फिरत्या शाफ्टात गेलता, पुढचं मी लिहीत नाय. गुड्डी तव्हा नुकती पळाया लागली व्हती, आन तिला ट्रॅक्टर म्हंजे देवच. मी म्हणाले, रोटर आणला तर मी पोरीला घेऊन माहेरी जाते. भाऊजी म्हणाले, "वहिनी, माहेरी बी रोटर हाय."

आत्याबाई पंप खोचत म्हणाली, "बाळू, माझं ऐक. मला डांबरीपस्तोर जाता यावं असं काय ते घे. बाकी तुझं तू बघ."

मंग ह्यांनी इचार केला. वावराचा एक कोपरा खोलगट, तिथं पाणी साचून दरसाल कपाशी सडायची. शिवाय पांदण बी नीट करायची. लेव्हलर घेतला तर दोन्ही कामं व्हतील. ट्रॅक्टरमागं जोडायचं लोखंडी खोकं ते, खाली पातं, उंचावरची माती खरवडून पोटात घेतं आन खोलगट जागी नेऊन सोडतं. ह्यांचं काय चुकलं? मी आजबी इचार करते आन मला सापडत नाय.

दुकान संभाजीनगरला जालना रोडलाच. बाहेर उन्हात लाल, निळं, पिवळं लोखंड रांगेनं उभं. गुड्डीनं एकाला हात लावला आन चटका बसून भोंगा लावला. दुकानदार म्हातारा, दाढीला मेंदी, त्यानं तिच्या हातावर माठातलं पाणी टाकलं. "रो मत बेटा, लोहा हे, गरम होताच. आव भाभी, बैठो सावली में. क्या होना बोलो."

एका कोपऱ्यात नुसतं एक पातं व्हतं, लांब, जरा वाकलेलं, मधी खुंटीवर बसवलेलं. ढकललं की डावीकडं वळायचं, उजवीकडं वळायचं. मी त्याच्याकडं लई येळ बघत बसले. वाटलं, हे तिरकं धरून चालवलं तर माती एका अंगाला सरकत जाईन, मुरूम सरकवताना आम्ही हात तिरका धरतो तसं. मी विचारलं, हे काय हाय. दुकानदार म्हणाला, "वो ब्लेड हे भाभी, सडक वाले लोगां लेते."

"आपल्याला काय सडक बांधायचीय का?" हे म्हणाले.

नव्हतीच बांधायची. आम्ही तर पांदण नीट कराया आलो व्हतो. पांदण म्हंजे सडकच असती हे आमच्या दोघांच्या बी डोक्यात आलं नाय.

तरी मी धीर करून लेव्हलरकडं बोट दाखवलं, "ह्याच्यानं मधी उंच ठेवता येतं का? पाणी जायाला?"

दुकानदार हसला. वाईट नाय हसला, पण मोठ्यानं हसला. "भाभी, नामच लेव्हलर हे. लेव्हल करता. जमीन ऐसी होती, ऐसी, कॅरम बोर्ड! उंच-नीच करने का काम उपरवाले का." चहा पीत बसलेले दोघं-तिघं बी हसले. ह्यांचे कान लाल झाले. "तू गप ना जरा," हे हळूच म्हणाले. मंग लेव्हलरच घेतला. घरी येईपस्तोर लोखंड मागं आदळत व्हतं आन मी गुड्डीचा भाजलेला हात धरून बसले व्हते.

तो उन्हाळा ह्यांच्या सगळ्यात आनंदाचा असंल. आत्याबाईनं लेव्हलरला हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला, खोबऱ्याचा तुकडा लोखंडावर ठेवला. हे आधी वावरात फिरले. जोडल्यावर मागं जाऊन उकिडवे बसायचे, एक डोळा झाकायचे, पातं दोन्ही अंगाला सारखं हाय का बघायचे. जरा कमीजास्त दिसलं की उजव्या बाजूच्या दांड्यावरलं हँडल फिरवायचे, आर्धा फेरा, पाव फेरा, सारखं होईपस्तोर. कपाळावरचं कुंकू लावताना बी मी इतकं बारीक बघत नाय. खोलगट कोपरा भरून निघाला. वावर असं झालं की भाऊजी कमरंवर हात ठेवून बघत राहिले आन म्हणाले, "बाळ्या, हितं झोपलं तरी चालंन."

मंग पांदण. चाकोऱ्या गेल्या, दगडं गेली, खड्डे गेले. आत्याबाई काठी न घेता डांबरीपस्तोर चालत गेली आन चालत आली, आन दारात येऊन म्हणाली, "मने, चहा टाक गं, मी गावाला जाऊन आले." तिचं तोंड असं उजळलं व्हतं की मला बी वाटलं, दुकानदार बरोबर व्हता.

पण ह्यांना नाद लागला. दर आठ-पंधरा दिवसाला पांदणीवरून फेरी. जरा चाकोरी दिसली की खर्रर्र. खरवडलेली माती वावरात न्यायची, काळी माती ती, वाया कशी घालवायची. मी पाण्याचा हंडा घेऊन यायची जायची, तव्हा धुऱ्यावरलं गवत माझ्या घोट्याला लागायचं. मंग पोटरीला लागाया लागलं. मला वाटलं गवत वाढलं. वैशाखात गवत कुठून वाढन? पांदण खाली चालली व्हती. वर धुरे, मधी पांदण, पाटासारखी, आन तीबी कॅरमसारखी सपाट.

मिरगाचा पाऊस येऊन गेला, काय झालं नाय. कपाशी यंदा सगळीकडं सारखी उगवली, हे खुशीत. मंग श्रावणात झड लागली. झड म्हंजे मोठा पाऊस नाय, नुसती रिपरिप, पण दिसरात, थांबायचं नाव नाय. अंगण आमचं कोरडंच, पाणी येऊन निघून जायचं. पांदणीत मात्र दोन्ही वावरांचं पाणी उतरलं आन तिथंच बसलं. जायाला वाटच नव्हती. उतार कुण्याच अंगाला नव्हता.

सकाळची भाकर चालू व्हती तव्हा आत्याबाईची पिपाणी वाजाया लागली. पंप मारला, परत मारला. शिट्टी मोठी व्हत गेली आन मंग बारीक व्हत गेली, आन बारीक झालेली जास्त वाईट असते हे मला तव्हा म्हाईत नव्हतं. ह्यांनी फोन लावला. दवाखान्याची गाडी लवकर आली, खोटं कशाला बोलू. डांबरीवर येऊन उभी राहिली, आत येता येईना. तिचा लाल दिवा आम्हाला दारातून दिसत व्हता, फिरत व्हता.

ह्यांनी ट्रॅक्टर काढला, आत्याबाईला मागं बसवू म्हणाले. बाभळीच्या अलीकडंच मागची चाकं रुतली आन गरगर फिरत खाली गेली. मंग भाऊजी पळत आले. बाज उचलली, पुढं हे, मागं भाऊजी, मी गुड्डीला कडंवर घेऊन एका हातानं आत्याबाईच्या तोंडावर पोत्याची खोळ धरली व्हती. चिखल गुडघ्याला. एक पाय काढायचा तर दुसरा जायचा.  तिघांच्या धापा नुसत्या, आन त्याच्यात एक शिट्टी, मी तीच ऐकत व्हते.

बाभळीपाशी आत्याबाईनं हात वर केला. "टेकवा. जरा दम घेऊ द्या."

कुणाला दम घेऊ द्या, तिला का ह्यांना, ते आजून मला कळलं नाय. ह्यांची मान नुसती थरथरत व्हती, ती तिला बाजंवरून दिसत असंल. बाज टेकवली, बाजंचे पाय चिखलात बुडाले, बाज पाण्याला लागली. तिनं माझ्याकडं बघितलं आन तिचा उजवा पाय बाजंबाहेर आला. अंगठा पाण्याला लागला.

"हितं," ती म्हणाली. बस. शिट्टी थांबली.

मला वाटलं बरं वाटलं तिला. ह्यांनी हाक मारली, "माय. ये माय." डांबरीवरून एक ट्रक हॉर्न वाजवत गेला. लाल दिवा फिरतच व्हता.

लोकं म्हणाले, वय झालतं. डॉक्टर म्हणाले, दमेकऱ्याला असं व्हतं. कुणी पांदणीचं नाव काढलं नाय. मी बी नाय. ह्यांनी बी नाय, पण दरसाल लेव्हलर फिरवत राहिले. वावर सारखं करणारा माणूस पाणी धराया शिकलेला असतो, त्याच्या बापानं शिकवलेलं, आज्यानं शिकवलेलं, पाणी धर, पाणी जाऊ देऊ नको. पाणी सोडायची अक्कल घरातल्या बायांच्या हातात व्हती, अंगणापुरती. अंगणाबाहेर ती कधी गेली नाय. आत्याबाईला बी वाटलं नसंल की पांदण म्हंजे आपलं अंगणच हाय, जरा लांबचं.

गेल्या पावसाळ्यात गुड्डीच्या छातीत शिट्टी वाजली. मी चूल फुंकत व्हते, मला वाटलं फुंकणी वाजली. फुंकणी खाली ठेवली तरी वाजत व्हती. तशीच तिला उचलून दवाखान्यात नेलं. डॉक्टर बाई चांगल्या व्हत्या, म्हणाल्या, घाबरू नका, लई लेकरांना असतं, मोठेपणी जातं बी. फक्त वाढलं की लवकर आणा. लवकर. त्या एका शब्दावर मी साल काढलंय. आभाळ आलं की मी आधी पोरीला बघत नाय, पांदणीला बघते.

आन यंदा परत वैशाख. ह्यांनी लेव्हलर जोडला, मागं गेले, उकिडवे बसले, एक डोळा झाकला, हात हँडलाकडं गेला. मी गुड्डीला घेऊन तिथंच उभी व्हते. ते हँडल फिरलं आन पातं एका अंगाला खाली गेलं, सारखं करायच्या नादात जरा जास्तच गेलं, आन मला एकदम दिसलं. तिरकं. कोपऱ्यातल्या त्या ब्लेडीसारखं नाय, पण तिरकं. इतकी वर्षं ते हँडल सारखं कराया फिरत व्हतं, ते तिरकं कराया बी फिरत व्हतं. लोखंड तेच. ते दुसरं आणायची गरजच नव्हती. हे कळलं तव्हा आनंद व्हायला पायजे व्हता, पण मला तिथंच बसावं वाटलं.

"राहू द्या," मी म्हणाले. "असंच तिरकं राहू द्या."

"येडी का काय? सपाट नाय व्हणार."

"सपाट नको. धुऱ्याकडून खोल खरवडा, माती मधी आणून सोडा. जाताना ह्या अंगाला, येताना त्या अंगाला. वरून इहिरीवरला मुरूम टाकू. मधी उंच."

ह्यांनी दुसरा डोळा उघडला. "कुणी शिकवलं तुला?"

"आत्याबाईनी."

ह्यांनी हँडल आजून एक फेरा फिरवलं.

काही दिवस लागले. दोन्ही अंगाला नाल्या निघाल्या, मधी पांदण उचलली, मुरूम पसरला, मी दुपारी चोपणं घेऊन मागं मागं. गुड्डी तांब्या घेऊन. दर थोड्या अंतरावर ती पाणी ओतायची आन आम्ही बघत उभ्या राहायचो. पाणी थबकायचं, दोन वाटा व्हायच्या, आर्धं ह्या नालीत, आर्धं त्या नालीत. गुड्डी टाळ्या वाजवायची. मी मोजूनमापून श्वास घ्यायची.

बाभळीपाशी ओतलं आन पाणी गेलं नाय. बसलं तिथंच. बाजंएवढी जागा, खोलगट, तळाला शेवाळ वाळून काळं झालेलं. मी चाकोऱ्या बघितल्या तव्हा कळलं. ट्रॅक्टर तिथवर यायचा, लेव्हलर वर उचलला जायचा, बाभूळ मागं पडली की परत खाली टेकायचा, त्या झडीतला खड्डा तसाच ठेवून. दरसाल. लेव्हलर उचलायच्या दांड्याकडं ह्यांचा हात आपोआप जात असंल. सगळी पांदण नीट आन तेवढीच जागा आत्याबाईसाठी ठेवलेली, आन पावसाळ्यात तिथंच पाणी बसणार, तिथंच चाक रुतणार, तिथंच आम्ही परत बाज टेकवणार.

संध्याकाळी हे ट्रॅक्टर घेऊन आले, बाभळीपाशी आले, हात दांड्यावर गेला. मी आडवी उभी राहिले, गुड्डीला कडंवर घेऊन. इंजिन गुरगुरत व्हतं, मला ट्रॅक्टरची आजबी भीती वाटते, पण हलले नाय.

"हितं बी चालवा."

"नको." ह्यांनी मान फिरवली. "ती जागा राहू दे."

"गुड्डीची शिट्टी ऐकलीत ना तुमी?"

इंजिन बंद झालं. भोंगा वाजला कंपनीचा, लांब. हे खाली उतरले, त्या खोलगट जागंच्या काठाला आले, आन तिथं पाय ठेवायच्या आधी, देवळात जावं तसं, चपला काढल्या. एक, मंग दुसरी. उभे राहिले. 

मी गुड्डीला खाली ठेवलं. वाकून त्या चपला उचलल्या, त्यांच्या पायाशी सरळ करून ठेवल्या.

"घाला," मी म्हणाले. "रस्ता हाय ह्यो."

ह्यांनी चपलांकडं बघितलं. मंग घातल्या, वर चढले, इंजिन सुरू केलं, आन ह्या खेपंला दांडा खालीच राहिला.